माजघराची भिंत सुकवताना

वाईतलं आमचं घर म्हणजे एका जुन्या वाड्याचा वाटणीत आलेला भाग. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर मातीच्या गाऱ्यात रचलेल्या भाजक्या विटा, मधे सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट. छपराचं वजन लाकडाच्या सांगाड्यावर, भिंती त्या सांगाड्यात भरलेल्या. मूळ गिलावा चुन्याचा. १९९० च्या सुमारास माजघर आणि कोठीच्या खोलीतला तो गिलावा खरवडून तिथे सिमेंट चढवलं गेलं. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं, आणि चुन्याचं काम करणारे हात मिळेनासे झाले होते.

काही वर्षं भिंती गुळगुळीत दिसल्या. मग जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाला फोड यायला लागले. फोड फुटले की मागून पांढरी भुकटी गळायची. सासूबाई म्हणायच्या, "लोणा लागलाय भिंतीला." दर दिवाळीला भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, वर रंग मारायचा आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे बघायचे, असं चाललं होतं. एका ठेकेदाराने आतून ओलरोधक लेप लावून दिला. लेपाखालचा भाग कोरडा दिसायला लागला, पण पुढच्याच पावसाळ्यात लेपाची वरची कड जिथे संपत होती तिथून ओल बाहेर आली, म्हणजे आधी कमरेइतकी होती ती खांद्याला टेकली. तेव्हा मी ठरवलं की हे पाणी येतं कुठून ते कळल्याशिवाय या भिंतीला पुन्हा पुट्टी लावायची नाही.

ज्यांच्या हाताने हे काम पुढे झालं ते आमचे गवंडी मामा. वय सत्तरीच्या पुढे. लहानपणी वडिलांबरोबर चुन्याच्या घाणीवर, म्हणजे चुन्याचा माल मळायच्या दगडी चाकावर, काम केलेले. ते आले, पण भिंतीकडे फार वेळ बघत बसले नाहीत. थापीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून बद्द आवाज ऐकला आणि म्हणाले, "वैनी, आधी भाईर चला. भितीचं दुखणं भाईर आसतंय."

बाहेर खरंच बरंच काही होतं. घराच्या मागच्या अंगाला बोळ आहे. त्या बोळावर वर्षानुवर्षं थरावर थर पडत गेले, आधी मुरूम, मग डांबर, मग काँक्रीट. जुना थर उकरून नवा टाकायचा त्रास कुणी घेतला नाही. एके काळी बोळातून घरात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता उंबरा जेमतेम वीतभर वर उरला आहे. म्हणजे काळ्या दगडाचं जोतं जमिनीत गेलं आणि विटांची भिंत थेट ओल्या भरावाला टेकली. हे जोतं उगाच बांधलेलं नसतं. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, घट्ट असतो, त्यातून पाणी वर चढायला वाव कमी. वीट आणि माती मात्र बारीक छिद्रांनी भरलेली. कंदिलाच्या वातीतून रॉकेल वर चढावं तसं पाणी त्या छिद्रांतून वर चढतं.

त्यात पागोळ्यांची भर. छपराची पत्र्याची पन्हळ एका टोकाला सडली होती, त्यामुळे तेवढ्या भागात पागोळ्या सरळ भिंतीच्या पायाशी पडायच्या आणि काँक्रीटवरून उडून पुन्हा भिंतीवर यायच्या. बाहेरून बघितलं तर गुडघ्याच्या उंचीपर्यंत शेवाळाचा पट्टा होता. आत माजघरात जिथे लोणा सर्वांत जास्त, तोच हा भाग.

कोठीच्या खोलीचं गणित वेगळं निघालं. तिथे पन्हळ शाबूत होती आणि बाहेरची जमीनही फार चढलेली नव्हती, तरी ओल होती. गंमत अशी की उन्हाळ्यात ती भिंत खडखडीत कोरडी दिसायची आणि पाऊस सुरू झाला की, एक थेंब न गळता, ओली व्हायची. मी आधी अॅल्युमिनियमच्या कागदाचा प्रयोग केला. हा प्रयोग कुणालाही करता येतो. फूटभर कागद भिंतीला लावायचा, चारी कडा चिकटपट्टीने नीट बंद करायच्या आणि एक-दोन दिवसांनी बघायचं. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतून येतंय. माजघरात भिंतीकडची बाजू निथळत होती. कोठीत मार्च महिन्यात काहीच नाही, आणि जुलैत मात्र कागदाच्या कडेने सगळी भिंत दमट.

उत्तर सासूबाईंच्या आठवणीत होतं. त्या म्हणाल्या, "अगं, त्या भिंतीच्या पलीकडे गोठा होता ना. दोन म्हशी असायच्या आपल्या." गोठ्यातलं मूत आणि शेण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत मुरलं की त्यातल्या नायट्रोजनपासून जमिनीत नायट्रेटचे क्षार तयार होतात. सोरा तो हाच. गोठ्यांच्या आसपासची अशी माती खरवडून, धुऊन, उकळून सोरा काढत आणि बंदुकीची दारू बनवत. बिहारमधला सोरा युरोपातल्या व्यापारी कंपन्या जहाजं भरून नेत असत. हे क्षार हवेतली वाफ ओढून घेतात. म्हणून पावसाळ्यात हवा दमट झाली की भिंत आपोआप ओली दिसते, आणि हवा कोरडी झाली की क्षारांचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि गिलावा ढकलून पाडतात. बाहेरून कितीही डांबर फासा, अशा भिंतीचा उपाय तो नव्हे. तिच्यातले क्षारच कमी करावे लागतात.

तिसरी भिंत न्हाणीघराची, तिचा निकाल लवकर लागला. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि सकाळी पाणी खाली गेलेलं दिसलं. भिंतीत गाडलेला लोखंडी पाइप सांध्यापाशी गंजला होता. प्लंबरने तो काढला, नवा पाइप भिंतीवरूनच नेला. उघडा पाइप डोळ्यांना खुपतो असं घरात एक-दोघं म्हणाले, पण गळला तर दिसेल तरी. न्हाणीघर १९८० नंतरचं, विटा आणि सिमेंटचं, तिथे गिलावाही सिमेंटचाच केला आणि तो उत्तम बसला. सिमेंटशी माझं वैर नाही. ज्या भिंतीत ते मुळात आहे तिथे ते शोभतं.

पावसाळा संपल्यावर बाहेरच्या कामाला हात घातला. बोळ सामाईक, त्यामुळे शेजारच्यांना विचारून, नगरपालिकेत अर्ज देऊन भिंतीलगतचा दीड फुटाचा पट्टा फोडला आणि माती खाली घेतली. मामांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, "पायाच्या तळाखाली जायचं न्हाई. जुनी भित हाय, पाय उघडा पडला तर सरकंल." म्हणून जोत्याचा वरचा थर उघडा पडेल इतकंच खणलं. खाली भिंतीपासून दूर उतार काढला, चरात खडी भरली आणि टोकाला गटाराला जोड दिला. जोत्याचे दगड कित्येक वर्षांनी दिसले. त्यावर छिन्नीचे टाचे अजून स्पष्ट होते. पन्हळ नवी बसवली आणि तिचं पाणी नळीने थेट गटारात सोडलं. या सगळ्याला आतल्या भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा जास्त खर्च आला, आणि त्यातलं काहीच घरात बसून दिसत नाही. नातेवाईक येऊन विचारायचे की अजून भिंत तशीच कशी?

आतला सिमेंटचा गिलावा काढणं हे सर्वांत दुःखाचं काम. सिमेंट विटेपेक्षा कठीण, त्यामुळे ते सुटताना विटेचा दर्शनी पापुद्रा सोबत घेऊन येतं. मोठा हातोडा वापरायला मामांनी बिगाऱ्याला सक्त मनाई केली होती. चपटी छिन्नी, हलका हात, आणि वरून खाली. गिलाव्यामागच्या विटा काही ठिकाणी बोटाने कुरतडता येत होत्या. पाणी वर चढत होतं, सिमेंटमुळे बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ते अजून वर चढलं आणि वाटेत क्षार विटेच्या पोटातच साचत गेले. चुन्याचा गिलावा असता तर तेच पाणी खालच्या खाली उडून गेलं असतं आणि झीज झाली असती ती गिलाव्याची. गिलावा पुन्हा करता येतो. वीट गेली की भिंत जाते.

अगदीच भुगा झालेल्या विटा काढून तिथे दुसऱ्या बसवाव्या लागल्या. आजच्या विटा त्या जागेत बसत नाहीत, जुनी वीट पातळ असते. त्याच सुमारास गावात एक वाडा पाडला जात होता, तिथून थोड्या विटा मिळाल्या. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. वाईत, साताऱ्यात, पुण्याच्या पेठांत वाडे पाडताना सागवान आधी विकलं जातं, नक्षीचे दरवाजे कुठल्या तरी हॉटेलात जातात, आणि शंभर-दीडशे वर्षं पाऊस सोसलेल्या विटा भराव म्हणून खड्ड्यात टाकतात. ज्यांना आपलं जुनं घर नीट करायचंय त्यांना त्या विटांची किंमत कळते. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आमच्यापासून तीनेक किलोमीटरवर आहे. या कामाच्या दिवसांत मी तिथे मुद्दाम गेले आणि भिंतींच्या कडा, गिलाव्याची जाडी, पडलेल्या जागी आत काय दिसतं, हे बघत फिरले. आधीही अनेकदा गेले होते, पण तेव्हा घाट आणि मंदिरच बघितलं होतं.

काढलेला राडारोडा परसात टाकू नका, असं मी आवर्जून सांगेन. त्यात क्षार भरलेले असतात, पाऊस पडला की ते पुन्हा जमिनीत आणि जमिनीतून भिंतीत. आम्ही तो गावाबाहेर नेऊन टाकला. खांबांवरचा जुना ऑइलपेंटही याच वेळी काढला, मात्र कोरडा घासून नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि पुढच्या वर्षी लागू झाले, आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. पाणी शिंपडून, तोंडाला नीट बसणारा मास्क लावून तो खरवडला आणि पोराबाळांना तेवढे दिवस मावशीकडे पाठवलं.

मग भिंत नुसती उघडी ठेवायची. घरात राहून हे सोसणं अवघड आहे. माजघरातून जाता-येता कपड्यांना माती लागते, सणाला पाहुणे येतात, आणि उघड्या विटा बघून प्रत्येकजण कीव करतो. जाड भिंत सुकायला दर इंचाला साधारण महिना धरतात. आमची भिंत दीड फुटाची. दोन्ही बाजूंनी सुकली तरी एका हिवाळ्यात ती पोटापर्यंत कोरडी होणार नाही, हे मामांनी आधीच सांगून टाकलं होतं. पण दर्शनी काही इंच सुकले आणि नवं पाणी यायचं थांबलं, तर पुढचं पाणी चुन्यातून निघून जाईल, त्याची काळजी नाही. "वली भित झाकली तर आतनं कुजती. उघडी ऱ्हाऊ द्या, वारं लागू द्या." पंखा लावायला त्यांची हरकत नव्हती. शेगडी किंवा हीटर लावायला होती, कारण घाईने सुकवलं की क्षार एकदम पृष्ठभागावर धावतात आणि विटा फुटतात.

सुकताना भिंतीवर पांढरी बुरशीसारखी लव येत राहिली. ती कोरड्या ब्रशने झाडायची, खाली कागद अंथरून गोळा करायची आणि घराबाहेर टाकायची. पाण्याने धुवायची नाही. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. कोठीच्या भिंतीला एवढ्याने भागलं नाही. तिथे आम्ही कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून भिंतीवर बोटभर जाडीने थापला. लगद्यातलं पाणी आधी भिंतीत जातं, क्षार विरघळवतं, आणि लगदा वाळायला लागला की ते पाणी क्षार घेऊन लगद्यात परत येतं. वाळलेला लगदा आपण सोलून फेकून देतो. पहिल्यांदा काढलेल्या लगद्यावर मीठ सांडल्यासारखे कण दिसत होते, पुढच्या खेपांना ते कमी होत गेले. जुनी वर्तमानपत्रं, बादली आणि दोन हात, एवढंच साहित्य लागतं. वरून मामांनी त्या भिंतीला चुना आणि वाळूचा एक ठिसूळ गिलावा दिला, तो पुढेमागे काढून टाकण्यासाठीच. उरलेले क्षार त्याने पिऊन घ्यायचे.

चुना आम्ही भिंत सुकत होती तेव्हाच भिजत घातला होता. बाजारात पिशवीतली चुन्याची पूड मिळते, पण ती किती दिवस हवा खात पडली आहे ते कळत नाही. हवा लागली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडाच्या जातीचा, म्हणजे निष्क्रिय होत जातो. म्हणून कळीचा चुना, म्हणजे अजून पाणी न लागलेले चुन्याचे खडे, आणला. परसात विटांचा छोटा हौद केला, आधी पाणी घेतलं आणि मग त्यात थोड्या थोड्या कळ्या सोडल्या. उलटं करायचं नाही. कळीवर पाणी ओतलं तर ती उसळते. बघता बघता पाणी उकळायला लागलं, हौदाच्या भिंती चटके देत होत्या. शाळेत शिकलेली विरी गेलेल्या चुन्याची रासायनिक क्रिया मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली, आणि ती नीट आदराने, दूर उभं राहून बघावी अशीच आहे. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. डोळ्यात चुना गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. विरी गेलेला चुना चाळून, वर बोटभर पाणी राहील असा झाकून ठेवला. जितका मुरेल तितका लोण्यासारखा मऊ होतो, हे मामांचे शब्द.

मालात वाळू आणि सुरखी. सुरखी म्हणजे विटांची पूड, पण कुठल्याही विटांची चालत नाही. कमी भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी एकजीव होते आणि माल ओलीतही घट्ट होतो. करपलेल्या, काळ्या पडलेल्या विटेची पूड नुसती वाळूसारखी पडून राहते. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, आणि कृष्णेचं पात्र पाहता ती काढूही नये असं मला वाटतं. आम्ही क्रश सँड धुऊन घेतली. तिच्यात दगडाची भुकटी फार असते, ती राहिली तर गिलाव्याला बारीक भेगा पडतात. वर हिरड्याचं पाणी आणि गूळ. हिरडा आमच्या वरच्याच अंगाला, महाबळेश्वरच्या जंगलात होतो. भरडलेला हिरडा आणि गूळ पाण्यात आंबत ठेवून ते गाळलेलं पाणी मालात घालायचं. याने माल हाताला सैल लागतो, कमी पाण्यात कालवता येतो. मामांच्या वडिलांच्या वेळी बैल जुंपलेल्या घाणीत माल मळला जाई. आजही अनेक किल्ल्यांवर ती गोल चर आणि दगडी चाक पडलेलं दिसतं. आमच्याकडे घाणी नव्हती, बिगाऱ्याने फावड्याने आणि लाकडी मोगरीने कुटून कुटून माल एकजीव केला. मोगरीचा तो आवाज ऐकून पलीकडच्या आळीतले एक आजोबा काठी टेकत बघायला आले आणि दुपारभर बसून राहिले.

गिलाव्याचा पहिला हात द्यायच्या आधी विटांमधले सांधे बोटाच्या पेराएवढे खोल उकरले. सांधे मातीचे, आणि मातीच्या गुळगुळीत पृष्ठभागाला चुना धरत नाही. त्याला अडकायला खाचा हव्यात. मोठ्या पोकळ्या मातीचा गारा आणि विटांच्या कपच्यांनी भरून घेतल्या. मग भिंत झाडून, पाणी शिंपडून. भिंत कोरडी ठेवली तर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि माल नुसता वाळतो, बसत नाही. पाणी वाहेल इतकी ओली केली तर माल घसरतो. मामा हाताचा पंजा टेकवून ठरवायचे. पहिला हात अर्ध्या इंचाच्या आतच. थापीने माल भिंतीवर फेकायचा, लिंपायचा नाही. फेकल्याने तो सांध्यांत घुसतो. ओळंबा लावून भिंत तंतोतंत सरळ करायचा आग्रह मी धरला नाही. या भिंतींना मूळचाच थोडा फुगवटा आहे, तो सरळ करायचा तर एका जागी दोन इंच माल चढवावा लागला असता आणि तो नक्की सुटला असता.

चुना सिमेंटसारखा रातोरात घट्ट होत नाही. तो हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो, आणि त्यासाठी त्याच्यात थोडी ओल राहावी लागते. म्हणून हे काम आम्ही माघात घेतलं. वैशाखातल्या वाऱ्याने गिलावा एका दुपारीत पांढरा पडून तडकला असता. तरी दुपारच्या उन्हाच्या खिडकीसमोर ओलं गोणपाट टांगलं होतं. पहिल्या हातावर केसाएवढ्या भेगा आल्या तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. मामांनी लाकडी रंधा घेऊन त्या दाबून बंद केल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबल्या, आणि मग त्या आल्या नाहीत. गिलावा ओला असेपर्यंत त्याच्याकडे रोज जावं लागतं. रोजंदारीचा खर्च वाढतो तो इथे. मालाला फारसे पैसे लागत नाहीत.

खांबाला लागून असलेली उभी भेग हा वेगळाच प्रश्न होता. ती किती जुनी, वाढते की नाही, हे कळायला मी वर्षभर आधीपासून तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवली होती. खुणेच्या पुढे ती गेली नाही, रुंदी मात्र पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त व्हायची. म्हणजे लाकूड ओलीने फुगत होतं आणि उन्हाने आक्रसत होतं. खांब ठोकून पाहिला, वाळवी नव्हती. अशी भेग कठीण मालाने बुजवली तर पुढच्या वर्षी शेजारी दुसरी पडते. मामांनी तिथल्या मालात तागाचे बारीक कापलेले तंतू मिसळले आणि खांबाच्या कडेला करणीच्या टोकाने मुद्दाम एक सरळ रेघ सोडली. लाकडाने हलायचं तर त्या रेघेत हलावं. तंतू घालण्याची रीत फार जुनी. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत, आणि वेरूळच्या एका लेण्यातल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे. भेग तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांची असती किंवा खूण ओलांडून पुढे गेली असती, तर गवंड्याआधी इंजिनिअर बोलावला असता. तिथे गिलाव्याने काही होत नाही.

शेवटचा हात नीरूचा. मुरलेला चुना वस्त्रगाळ करून, अगदी पातळ थर, आणि वर गुळगुळीत थापीने घोटणं. त्यावर प्लास्टिक पेंट लावला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती, कारण तो श्वास बंद करतो. चुन्याचीच सफेदी दिली. सफेदीत लोक मीठ घालतात, रंग धरावा म्हणून. आम्ही घातलं नाही. ज्या भिंतीतून इतक्या कष्टाने क्षार काढले तिच्यावर पुन्हा मीठ फासायचं कशाला? थोडा भिजवलेला डिंक घातला, चिमूटभर नीळ घातली. दुधासारखी पातळ सफेदी, प्रत्येक हातामधे एक दिवस सोडून. ओली असताना ती जवळजवळ दिसतच नाही. पहिल्या हातानंतर माझा नवरा म्हणाला, "नुसतं पाणी मारलंय का?" सकाळी भिंत पांढरी झालेली होती. जाडसर सफेदी एकाच हातात दिली की ती कपड्यांना लागते, म्हणून घाई करायची नाही.

त्यानंतरचा पावसाळा मी भिंतींना हात लावून लावून काढला. माजघर कोरडं राहिलं. पाऊस लागून राहिला तेव्हा खालच्या वीतभर भागात रंग जरा गडद दिसायचा, उघडीप मिळाली की दोन दिवसांत तो परत पांढरा व्हायचा. पाणी येतं आणि जातं, साचत नाही. खोलीतला कुबट वास गेला, आणि सासूबाईंनी कपाट भिंतीला टेकवून ठेवायला परवानगी दिली. मी ते तरी चार बोटं पुढेच ठेवलं आहे.

कोठीच्या भिंतीचा गोठ्याकडचा कोपरा मात्र पुन्हा भुरभुरला. हे होणार हे मामांना अपेक्षित होतं, तिथला गिलावा त्यासाठीच ठिसूळ ठेवला होता. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेवढा पट्टा खरवडून, लगदा थापून, पुन्हा तसाच गिलावा द्यायचा आहे. त्यासाठी हौदात चुना राखून ठेवला आहे. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या देवघराच्या भिंतीसाठी त्यातली एक बादली मागितली, तेव्हा मी आधी त्यांच्या घरामागे जाऊन त्यांची पन्हळ बघून आले.